घाट, बंधारा, पाट, रंकाळा: कोल्हापुरातल्या पाण्याचे अमूर्त फोटो

वाहत्या पाण्याचे फोटो म्हटलं की पावलं धबधब्याकडे वळतात. कोल्हापुरात तर राऊतवाडी, बर्की ही नावं लगेच तोंडावर येतात. चार दिवसांच्या या फोटोफेरीत ती दोन्ही मुद्दाम वगळली. धबधब्याचं पाणी पांढरं, मागचा खडक काळा, आणि शटर (कॅमेरा प्रकाश आत घेतो तो वेळ) कितीही बदललं तरी हाती येतो तो तोच पांढरा पदर. घाटावरच्या, बंधाऱ्याच्या, उसाच्या पाटातल्या पाण्याभोवती साड्या असतात, दगडी कमानी असतात, ऊस असतो, दिवे असतात. पाणी ते सगळं उचलतं, मोडतं आणि नव्यानं मांडतं. अमूर्त चित्र कसं होणार हे ठरतं दोन गोष्टींवर: पाण्यात काय पडलंय, आणि ते पाणी फ्रेममधून किती वेगानं जातंय.

वेळ निवडली दिवाळीनंतरची. पावसाळ्यात पंचगंगा दांडगी असते. राजाराम बंधाऱ्यापाशी पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. तेव्हा काठाला उभं राहायलाच जागा नसते. नोव्हेंबरात पाणी उतरतं, बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या) लागतात, शेतात मोटारी चालू होतात, पहाटे नदीवर धुकं असतं आणि वारा बहुधा नऊपर्यंत पडलेला असतो. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

सामान मोजकंच. ७०-२०० किंवा १००-४०० मिमीची लेन्स, जड ट्रायपॉड, पोलरायझर (प्रतिबिंब, चमक कमी करणारी फिरती काच), तीन स्टॉप आणि सहा स्टॉपचे एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), रिमोट, दोन सुती फडकी. दहा स्टॉपचा एनडी घरी ठेवला तरी चालतो. तो लावला की पाण्याचं दूध होतं आणि दुधात बघण्यासारखं फारसं काही उरत नाही.

पहिला दिवस: पंचगंगा घाट

नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य पावणेसातच्या आत उगवतो, म्हणून सव्वासहाला घाटावर. ऊन शहराच्या बाजूनं, म्हणजे पाठीमागून येतं. आधी पलीकडच्या काठावरची झाडं आणि शिवाजी पुलाचा दगड उजळतो, घाटाखालचं पाणी अजून सावलीतच असतं. हीच वेळ साधायची.

कारण असं. पाण्यावरच्या प्रत्येक लाटुकलीला दोन उतार असतात. तुमच्याकडे तोंड केलेला उतार वरचं आकाश दाखवतो, पलीकडचा उतार क्षितिजाजवळचं, म्हणजे समोरचा काठ दाखवतो. काठ सोनेरी आणि डोक्यावरचं आकाश अजून गडद निळं असेल, तर हे दोन रंग एकमेकांत विणले जातात. ऊन खाली पाण्यावर उतरलं की हा खेळ फिका पडतो. हाताशी जेमतेम अर्धा तास असतो.

उभं कुठं राहायचं याला किंमत आहे. अगदी खालच्या पायरीवर बसलं तर प्रतिबिंब उभं ताणलं जातं, देवळाचं शिखर आणि पुलाची कमान लांबलचक पट्ट्या होऊन खाली येतात. पाच-सहा पायऱ्या वर चढलं की पट्ट्यांचे तुकडे पडतात आणि रंगांची बंद वर्तुळं, बेटं दिसू लागतात. अमूर्त चित्रासाठी वरची जागा सरस, कारण वर्तुळातून मूळ वस्तू ओळखता येत नाही. फोकसलाही वरची जागा सोपी. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमी, एफ/८ (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं भोक लहान) आणि दहा मीटरवर फोकस असेल तर जेमतेम सव्वा मीटरचा पट्टा धारदार येतो. खालून तिरपं बघितलं तर त्याच फ्रेममध्ये पाण्याचा सहा-सात मीटरचा पट्टा मावतो, त्यामुळे वरचा आणि खालचा भाग मऊ पडतो.

फोकस कशावर करायचा, यात बहुतेकांची गल्लत होते. प्रतिबिंबाचं अंतर म्हणजे कॅमेरा ते पाणी आणि पाणी ते वस्तू या दोन्हींची बेरीज. ऑटोफोकसला मोकळं सोडलं तर तो कधी पलीकडचं झाड पकडतो, कधी पाण्यावरचा फेस. झाड पकडलं की तरंगांच्या कडा पुसट होतात आणि सगळं चित्र नुसतं हललेलं वाटतं. तरंगत्या पानावर किंवा फेसाच्या ठिपक्यावर फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाकावी. झाड धूसर झालं तर उत्तमच, आपल्याला त्याचा फक्त रंग हवा आहे.

पोलरायझरबद्दलही एक सांगायला हवं. ‘रंग गडद होतात’ म्हणून तो सरसकट लावला जातो आणि चित्राचा विषयच पुसला जातो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन झाला, म्हणजे उभ्या माणसापुढचं जवळपास दोन मीटरवरचं पाणी, की पोलरायझर प्रतिबिंब जवळजवळ पूर्ण काढून टाकतो आणि तळाची पायरी, शेवाळ दिसू लागतं. प्रतिबिंब हवं असेल तर तो उलट दिशेला फिरवून सर्वांत उजळ जागी थांबवावा, नाहीतर सरळ काढून ठेवावा.

शटर ठरवायला पान टाकून बघायचं. लेन्समधून बघत, पान फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तेवढ्या वेळाच्या दहाव्या हिश्श्याचं शटर ठेवलं तर पोत राहतो आणि थोडा ओघ दिसतो. चौथ्या हिश्श्याला धागे सुटतात. दुप्पट वेळ दिला की सगळं सपाट. पान दोन सेकंदांत फ्रेम ओलांडत असेल तर १/५, १/२ आणि ४ सेकंद असे हे तीन टप्पे. वाऱ्याच्या तरंगांचा वेग प्रवाहापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे घाटासारख्या संथ पाण्यात हेच माप पानाऐवजी एखाद्या तरंगावर नजर ठेवून घ्यावं. लेन्स बदलली की मोजणी पुन्हा. १/१५ किंवा १/४ हे आकडे पाठ करून काही उपयोग नाही, ४०० मिमीला आणि ७० मिमीला त्यांचा अर्थ सारखा नसतो.

सात वाजल्यापासून धुणं सुरू होतं. हिरवं लुगडं, गुलाबी चादर पाण्यात बुडवून दगडावर आपटली की तरंगांची वर्तुळं निघतात आणि त्यांत कापडाचा रंग पडतो. १/५०० ला वर्तुळाची कड तुटक, काचदार येते. १/८ ला रंग ओढला जातो. साबणाचा फेस प्रवाहात वळतो तिथं दोन ते चार सेकंद दिले तर भोवऱ्याची रेघ उमटते. इथं आधी विचारायचं, “मावशी, तुमचा नाही, पाण्याचा फोटो काढतोय, चालंल का?” आणि कॅमेऱ्याचा स्क्रीन दाखवायचा. माणसं फ्रेममध्ये घ्यायची नाहीत. अस्थिविसर्जन किंवा इतर विधी चालू असतील तर त्या बाजूला लेन्ससुद्धा वळवायची नाही.

खालच्या दोन पायऱ्यांवर शेवाळ असतं. तिथं ट्रायपॉडचे रबरी पाय सरकतात, खिळ्याचे पाय धरतात.

दुसरा दिवस: राजाराम बंधारा

कसबा बावड्यातून वडणगेच्या बाजूला जाताना हा बंधारा लागतो. अख्ख्या महाराष्ट्रात ज्याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात त्याच घराण्यातला. रचना साधी: ओळीनं खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि पावसाळा सरला की त्या खाचांत आडवे बरगे एकावर एक बसवायचे. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन ओळी लावून मधे माती ठासतात. पावसाळ्याआधी बरगे काढून घेतात, म्हणजे पुराला वाट मोकळी.

फोटोसाठी सोनं आहे ते बरग्यांच्या फटीत. कितीही नीट बसवले तरी दोन बरग्यांच्या सांध्यातून पाणी पातळ पंख्यांसारखं बाहेर फेकलं जातं. सिंचनवाल्यांच्या दृष्टीनं ही गळती, कॅमेऱ्याच्या दृष्टीनं आडव्या रेघांची पूर्ण तयार मांडणी. आणि या रेघा सारख्या नसतात. फट पाण्याच्या पातळीखाली जितकी खोल, तितका दाब जास्त आणि पाण्याचा वेग जास्त. एक मीटर खोलीवरच्या फटीतून पाणी सेकंदाला साधारण ४.४ मीटर वेगानं सुटतं, दोन मीटरवर ६.३ मीटर. (सांध्यातल्या घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडं कमी.) १/६० ला वरचा पंखा सात सेंटिमीटर ओढला जातो, खालचा दहाच्या वर. एकाच फ्रेममध्ये वर दाणेदार पोत आणि खाली रेशमी धागे! त्यासाठी फिल्टर नको, संगणकावरची कसरत नको. बंधाऱ्याचं गणितच ते करून देतं.

इथं आम्ही १/१००० पासून १/४ पर्यंत एकेक स्टॉप उतरत गेलो, फ्रेम साधारण एक मीटर रुंदीची. १/१००० ला थेंब सुटे आणि कडक दिसतात, चित्र गोंगाटी होतं. १/१२५ ला प्रत्येक थेंबाची छोटी रेघ होते आणि पंख्याची कड अजून शाबूत असते. १/६० ते १/३० हा टप्पा सर्वांत श्रीमंत. १/८ च्या पुढे पंखे एकमेकांत मिसळून पांढरा पडदा होतो आणि पुन्हा धबधबाच हाती येतो. उन्हात १/३० पर्यंत उतरायला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ आणि तीन स्टॉपचा एनडी पुरतो. एफ/२२ वर जाऊन काम भागवू नये. विवर्तनानं (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरल्यानं) धार जाते, आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण गुळगुळीत पाण्यावर काळा ठिपका होऊन बसतो.

एक्स्पोजरला दोन प्रकारचं पाणी दोन प्रकारे फसवतं. फ्रेमभर पांढरं पाणी असेल तर कॅमेरा ते राखाडी करतो, तिथं अधिक २/३ ते अधिक १ स्टॉप द्यावं. काळपट पाण्यात मोजक्या चमकत्या रेघा असतील तर उलट, उणे १. दोन्ही वेळा हिस्टोग्रामच्या (उजेड-अंधाराच्या आलेखाच्या) उजव्या टोकाकडे लक्ष. जळालेला पांढरा रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्येही परत येत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ५२०० केल्विनला बांधून टाकावा. ऑटोवर ठेवला तर एकाच मालिकेतल्या फ्रेम कधी निळ्या, कधी पिवळ्या येतात आणि शेजारी शेजारी लावता येत नाहीत.

दुसरी जागा खांबांच्या मागची. प्रवाह खांबाला वळसा घालतो तिथं फेस गोल फिरत राहतो. पाण्यावर ऊन नसताना सहा स्टॉपचा एनडी लावून आठ ते पंधरा सेकंद दिले की सर्पिल रेघा येतात. फेस फार असेल तर सर्पिल भरून पांढरी थाळी होते, फार कमी असेल तर काहीच उमटत नाही. पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा फेसानं झाकलेला असताना रेघा सुट्या राहतात. फेस कमी असेल तर वाट बघायची, तो झुबक्यांनी येतो.

इथली अडचण म्हणजे रहदारी. बंधाऱ्यावरून दुचाकी गेली की वर लावलेला ट्रायपॉड थरथरतो. डोळ्यांना कळत नाही, पण अर्ध्या सेकंदाच्या फोटोत बरग्याची कड दुहेरी येते. गाडी गेल्यावर पाच-सहा सेकंद थांबून मगच रिमोट दाबायचा, ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचा नाही, लेन्समधलं स्थिरीकरण बंद करायचं. लांब लेन्सनं काठावरच्या घट्ट जमिनीवरून काम केलं तर निम्मी कटकट वाचते. बंधाऱ्याखाली पात्रात मात्र उतरू नये. बरगे काढणं-घालणं किंवा वरून पाणी सोडणं यामुळे पातळी अचानक बदलते, आणि खालचे दगड बुळबुळीत असतात. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल त्या दिवशी त्याच्यावर पाऊलही नको.

एनडी नसेल, किंवा हातात नुसता मोबाइल असेल, तर एकाच जागेवरून १/१५ च्या सोळा फ्रेम घ्याव्यात आणि नंतर त्यांची सरासरी काढावी. एक सेकंदाच्या जवळपासचा परिणाम मिळतो आणि दाणाही (फोटोतली खरखर) कमी होतो. मात्र दोन फ्रेममध्ये खंड पडला तर धागे तुटक, टाके घातल्यागत दिसतात. म्हणून बर्स्ट (लागोपाठ फ्रेम घेणं) वेगवान हवा. मोबाइलमधले ‘लाँग एक्स्पोजर’ पर्याय आतून बहुतेकदा हेच करतात, आणि मोबाइल टेकवायला भिंत नसेल तर तिथंही बरग्याच्या कडा हलतात.

तिसरा दिवस: उसाचा पाट आणि संध्याकाळी रंकाळा

नदीपलीकडच्या उसात सकाळ काढली. शेतीची लाइट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्यामुळे आदल्या दिवशीच मालकांना विचारून ठेवावं, “काका, उद्या मोटर कवा चालू हुणार?” सरीच्या बांधावर पाय देऊ नये, बांध फुटला की पाणी भलत्याच सरीत जातं आणि त्यांचा अर्धा तास मोडतो.

चार इंची पाइपातून हौदात पडणारी धार आधी बघा. तोंडाशी ती गुळगुळीत असते, वीतभर पुढे तिच्यावर सुरकुत्या येतात, मग ती फाटते. सुरकुत्यांचा भाग १/२००० ला घ्यायचा, ऊन मागून. मागे हिरवा ऊस असेल तर धारेच्या आत तो उलटा आणि वाकडा दिसतो, आणि तेवढाच तळहाताएवढा तुकडा फ्रेममध्ये घेतला की पाइप, हौद, शेत काहीही ओळखू येत नाही.

पण खरी गंमत पाटात आहे. वाहत्या पाटात उसाचं कांडं किंवा काटकी उभी रोवली की तिच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, बारीक तरंगांच्या कमानी उमटतात. पाणी पुढे जातं, कमानी जागच्या जागी राहतात. पाण्यावरची कुठलीही लाट सेकंदाला साधारण २३ सेंटिमीटरपेक्षा हळू जाऊ शकत नाही. त्यामुळे प्रवाहाचा वेग त्यापेक्षा जास्त असेल तरच या कमानी ठरतात, आणि संथ पाटात काटकी कितीही वेळ रोवून ठेवली तरी त्या येत नाहीत. पाटाला उतार असेल, किंवा पाट अरुंद होत असेल, अशी जागा शोधावी. वेग वाढला की कमानी एकमेकींच्या जवळ सरकतात.

कमानी स्थिर असल्यामुळे शटर लांबवलं तरी त्या पुसल्या जात नाहीत. अर्धा सेकंद द्या: वाहून जाणारा पाचोळा, बुडबुडे, मातीचे कण रेघा होतात आणि त्यांच्यावर कमानींच्या फासळ्या लख्ख उठून दिसतात. एक गोष्ट हलती, एक थांबलेली, दोन्ही पाण्याच्याच. अशी चित्रं फार थोड्या ठिकाणी मिळतात आणि त्यासाठी लागते एक काटकी. काटकी जाडजूड नको, पेन्सिलीएवढी पुरे. जाड असेल तर मागे फेस उठतो. मोटारीचं पाणी कमी-जास्त झालं तर कमानी मागेपुढे सरकतात आणि लांब शटरला पुसट होतात, म्हणून पाणी एकसारखं व्हायला मोटर चालू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत.

वाटेत गुऱ्हाळ लागलं तर काहिलीतल्या उकळत्या रसाचेही फोटो होतात. भेंडीचं पाणी टाकल्यावर मळी वर येते तेव्हाचा फेस १/६० ला छान येतो. वाफेनं लेन्स लगेच धुरकटते, त्यामुळे काम दोन मिनिटांचंच.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. रंकाळा तलावाच्या चौपाटीवरून समोर, पश्चिमेला, शालिनी पॅलेसचा मनोरा. सूर्यास्ताचा नेहमीचा फोटो सगळेच काढतात, त्याला इथं जागा नाही. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी दिवे लागलेले असतात आणि आकाशात अजून निळा शिल्लक असतो, तेव्हा मनोरा सोडून फक्त पाण्यावर फ्रेम बांधायची. ३०० मिमी, आयएसओ ८००, एफ/५.६, १/१० सेकंद. प्रत्येक दिव्याची चमक तरंगावर फिरते आणि तिची गाठ पडलेली रेघ उमटते.

रेघ नीट मोठी करून बघा, काही रेघा सलग असतात, काही ठिपक्याठिपक्यांच्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. १/१० सेकंदात दहा ठिपके. चांगल्या प्रतीच्या एलईडीची रेघ अखंड येते. ठिपके हवे असतील तर तशा दिव्यांकडे कॅमेरा वळवा. नको असतील तर शटर अर्ध्या सेकंदावर न्या, रेघा एकमेकींवर चढून ठिपके बुजतात. चौपाटीवरच्या भेळेच्या गाड्यांचे रंगीत दिवे पाण्यात लाल-हिरवा रंग आणतात, पण फ्रेममध्ये तीनपेक्षा जास्त रंग आले की जत्रा होते.

चौथा दिवस: सकाळी रंकाळा, मग निवड

पहाटे संध्यामठाच्या बाजूला. पाणी इतकं स्थिर की पहिला अर्धा तास करण्यासारखं काहीच नाही; आरशातलं हुबेहूब प्रतिबिंब अमूर्तासाठी निकामी. वाऱ्याची पहिली झुळूक आल्यावर बघायचं ते पाण्यावरच्या गुळगुळीत पट्ट्यांकडे. जिथं पृष्ठभागावर तवंग किंवा शेवाळाचा पातळ थर असतो तिथं बारीक तरंग उठत नाहीत, शेजारच्या स्वच्छ पाण्यावर उठतात. आकाश एकच, पाणी एकच, आणि तरी एक पट्टा चकचकीत, दुसरा खरखरीत. १/१२५ ला दोन्हींचे पोत वेगळे राहतात. वारा वाढला की पट्ट्या फुटतात, नऊनंतर थांबण्यात अर्थ नाही. जलपर्णी फ्रेममध्ये येऊ देऊ नका, एक पान दिसलं की बघणाऱ्याला लगेच ‘तलाव’ कळतो.

निवड करताना शेकडो फ्रेममधून एकेक मोठी करून बघत बसू नका. आधी अंगठ्याएवढ्या आकारात सगळ्या बघा. त्या आकारात मांडणी धरते ती फ्रेम ठेवायची. जिची सगळी मजा मोठं केल्यावरच दिसते ती बहुधा नुसता पोत असते. प्रतिबिंबाचे फोटो उलटे करायचा मोह होतो. उलटं केल्यावर झाड सरळ होतं आणि बघणारा झाड ओळखून मोकळा होतो, म्हणून ते टाळावं. नव्वद अंशांत फिरवणं मात्र बंधाऱ्याच्या पंख्यांना मानवतं. रंगांची तीव्रता वाढवण्यापेक्षा कर्व्हनं (छटांचा उजेड बदलणाऱ्या आलेखानं) मधल्या छटांत फरक वाढवावा. तीव्रता वाढवली की आकाशाचा निळा आधी भडकतो आणि उसाचा हिरवा विषारी दिसू लागतो.

निघण्याआधी ट्रायपॉडच्या पायांचे सांधे उघडून गोड्या पाण्यानं धुवावेत, उलटे टांगून वाळवावेत. पाटाची बारीक माती सांध्यात वाळली की पुढच्या वेळी पाय अर्ध्यात अडकतो. फिल्टरवरचे साबणपाण्याचे आणि नदीचे शिंतोडे त्याच दिवशी पुसावेत. वाळले की क्षारांचे डाग राहतात, आणि कोरड्या फडक्यानं घासले तर कोटिंग जातं. आधी ओलं फडकं, मग कोरडं.